जातं गेलं, सुई राहिली

 

मार्गशीर्ष सरत आलाय. सोयाबीनची रास होऊन गेली, तुरीच्या शेंगा वाळायला लागल्यात, शाळू पोटऱ्यात आहे. येळवशीला रानात कडब्याची कोप करायची, भज्जी-आंबिलाचा निवद दाखवायचा, मग तुळजापूरचं शाकंभरी नवरात्र आणि संक्रांत. त्यानंतर ज्वारीची काढणी सुरू झाली की पुन्हा मान वर करायला सवड नाही. या मधल्या दिवसांत आपल्याकडं सुमारे अकरा तासांचा दिवस असतो आणि तेरा तासांची रात्र. सहा वाजले की दिवेलागण होते. आठपर्यंत भाकरी-कालवण उरकतं, माणसं शेकोटीपाशी किंवा टीव्हीपाशी बसतात, आणि गाव गप्प होतं.

ही गप्प रात्र काही जणींना फार जड जाते. दिवसभर कामाच्या रेट्यात दबलेलं दुःख रात्री डोकं वर काढतं. कुणाचा कारभारी कर्जापायी हे जग सोडून गेलेला असतो. कुणाचा लेक-सून दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यावर गेलेले असतात आणि घरात राहते म्हातारी नि दोन नातवंडं. लोहारा, उमरगा भागातल्या आपल्या थोरल्या बहिणींना ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट अजून सांगावी लागत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये काढलेला त्या वर्षीचा हिवाळा त्यांना आठवतो. थंडी वाजते ती अंगाला, ती गोधडीनं जाते. मनाला वाजते तिचं काय करायचं, हे आज बोलू या.

पहाटेचं जातं काय करत होतं?

आपल्या आज्या आपल्यापेक्षा जास्त सोसत होत्या. दुष्काळ, बाळंतपणं, दगावलेली लेकरं, सासुरवास, सगळं होतं. मग त्या मन कुठं मोकळं करत होत्या? त्याचं एक उत्तर होतं जातं.

पहाटे दोघी जणी जात्यावर बसायच्या, सासू-सून नाहीतर जावाजावा. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. हात गोल फिरत राहायचा आणि तोंडातून ओवी यायची. माहेरची ओढ, भावाचं कौतुक, नवऱ्याचा राग, सासरचा जाच, विठ्ठलाकडं गाऱ्हाणं, जे चारचौघांत बोलता येत नव्हतं ते ओवीतून निघून जायचं. कुणी जाब विचारत नव्हतं, कारण बाई तर दळत होती, कामच करत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी आणि गावोगावच्या त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्रातल्या बायांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढं मोठं दुःख आणि एवढी मोठी माया एका दगडाभोवती फिरत होती.

मग गिरणी आली. आली ते बरंच झालं. पाठ मोडणारं काम गेलं, ते कुणाला परत नको आहे. पण जात्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. हाताला एकसारखं काम, शेजारी एक सोबतीण आणि बोलायला मोकळीक, या तिन्ही गोष्टी एका जागी मिळायच्या. ती जागा गेली.

तशी जागा आपल्याकडं अजून एक उरली आहे. ती म्हणजे पसरलेली वाकळ आणि तिच्या कडेनं बसलेल्या दोन-चार जणी. आणखी एक गोष्ट आपल्या ट्रंकेत पडून आहे. लग्नाआधी आपण ज्या वहीत ठिपक्यांच्या रांगोळ्या उतरवून घ्यायचो, ती वही. या दोन्ही गोष्टींकडं आज नव्यानं बघायचं आहे.

टाक्यानं मन का निवतं?

यात जादू काही नाही. कारणं साधी आहेत.

पहिलं कारण असं की, काळजी करणारं मन एकच गोष्ट घोळवत राहतं. हप्ता कसा भरायचा, पोरीचं कसं होईल, तो असं का बोलला. तेच ते शंभर वेळा. गोधडीचा धावदोरा घालताना डोळे टाक्यावर लागतात, बोटांना सुईचं टोक सांभाळावं लागतं, टाका सारखा आला का बघावं लागतं. मनाचा एक कोपरा कामाला लागला की घोळवणं आपोआप कमी होतं. काम फार अवघड नाही म्हणून डोकं शिणत नाही, अगदी सोपंही नाही म्हणून मन भरकटत नाही.

दुसरं कारण आपल्या रोजच्या कामात दडलंय. आपलं बहुतेक काम संध्याकाळपर्यंत पुसलं जातं. भाकरी खाल्ल्या जातात, भांडी पुन्हा खरकटी होतात, झाडलेल्या अंगणात पाला पडतो. राबून राबून हाती काही दिसत नाही, मग वाटतं आपण कशाच्याच नाही. टाका मात्र घातला की राहतो. काल वीतभर होतं, आज हातभर झालं, हे डोळ्यांना दिसतं. खचलेल्या मनाला हे दिसणं लागतं.

तिसरं कारण म्हणजे बोलणं. समोरासमोर बसवून "सांग बाई, तुला काय दुःख आहे" असं विचारलं तर कुणी सांगत नाही. चार जणी मान खाली घालून टाके घालत असल्या, तर एखादी हळूच बोलून जाते. तिच्या डोळ्यांत कुणी बघत नसतं, म्हणून तिला बोलवतं. मधेच गप्प झाली तरी अवघडल्यासारखं होत नाही, सुई चालूच असते.

आणि चौथं, अर्धी राहिलेली गोधडी उद्याची वाट बघते. "उद्या ही कड पुरी करीन" एवढा एक विचार मनात असणं, ही वाईट दिवसांत लहान गोष्ट नाही.

डॉक्टर आणि संशोधक मंडळीही आता हेच म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये एक अहवाल काढला. जगभरातले तीन हजारांहून जास्त अभ्यास त्यात विचारात घेतले होते. गाणं, चित्र, हस्तकला, नाच अशा गोष्टी मनाच्या आणि शरीराच्या तब्येतीला हातभार लावतात, असं त्यात दिसून आलं. हातभार हा शब्द लक्षात ठेवा, त्याकडं मी पुन्हा येणार आहे.

आपल्या मातीला कापड नवं नाही

धाराशिव तालुक्यातलं तेर आपल्याला गोरोबाकाकांमुळं माहीत आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वी हेच गाव तगर नावाची मोठी बाजारपेठ होतं. त्या काळातल्या एका ग्रीक प्रवासपुस्तकात लिहिलंय की तगरहून साधं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल भरून गाड्या भडोच बंदराकडं जायच्या आणि तिथून माल समुद्रापार जायचा. म्हणजे आपल्या भागातलं कापड तेव्हा परदेशी पोचत होतं.

तांड्यावरच्या आपल्या बंजारा बहिणींची फेटिया आणि कांचळी बघा. आरसे, कवड्या, रंगीत दोरे, एवढं भरतकाम विकत घ्यायला गेलं तर परवडणार नाही. ते त्यांनी आई-आजीच्या शेजारी बसून शिकलेलं असतं. शेजारच्या कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला तर सरकारचं भौगोलिक मानांकनही मिळालंय. बिहारमधल्या मुजफ्फरपूर जिल्ह्यात भुसुरा नावाचं गाव आहे. तिथल्या बाया सुजनी नावाची गोधडी शिवतात. जुन्या कापडाच्या थरांवर धावदोऱ्यानंच त्या माणसं, झाडं, बाजार, शाळेत जाणारी पोर, हुंड्यापायी होणारा छळ अशी चित्रं काढतात.

आणखी लांबचं सांगते. दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा देश आहे. तिथं १९७३ मध्ये लष्करानं सत्ता बळकावली आणि हजारो माणसांना पकडून नेलं. कितीतरी परत आलेच नाहीत. त्यांच्या आया, बायका, बहिणी चर्चच्या आसऱ्यानं एकत्र बसू लागल्या. गोणपाटाच्या तुकड्यावर चिंध्या शिवून त्यांनी आपल्या घराची, रिकाम्या खुर्चीची, रस्त्यावरच्या शिपायांची चित्रं केली. ती विकून पोट भरलं, जगाला कळलं, आणि रडायला एक जागा मिळाली. त्यांच्याकडं होतं काय? सुई, चिंध्या आणि एकमेकी.

वहीचं काय?

आता वही. "आम्हाला कुठं चित्रं येतात?" असं तुम्ही म्हणाल. ज्या हाताला दारात पंधरा ते एक ठिपके मांडून कमळ काढता येतं, त्या हाताला चित्र येत नाही असं कसं म्हणायचं? फरक एवढाच की रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडली जाते, वहीतली राहते.

बिहारमध्ये १९६६-६७ साली मोठा दुष्काळ पडला. बहात्तरचा दुष्काळ ऐकलेल्या आपल्या लोकांना त्याची कल्पना येईल. मिथिला भागातल्या बाया लग्नाकार्यात घराच्या भिंतींवर सुंदर चित्रं काढायच्या. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या आपल्या मराठी चित्रकाराला तिकडं पाठवलं. कुलकर्णींनी बायांना कागद दिला आणि सांगितलं, भिंतीवर काढता तेच यावर काढा. दुष्काळात त्या कागदानं चार पैसे दिले, आणि आज जिला आपण मधुबनी चित्रकला म्हणतो ती जगभर पोचली.

त्या बायांमध्ये गंगादेवी होत्या. त्यांच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, त्यांच्या वाट्याला एकटेपण आलं. त्यांनी कागद आणि बोरू सोडला नाही. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढं त्यांना कॅन्सर झाला. दिल्लीत उपचार चालू असताना त्यांनी आपलं आजारपणच चित्रांत उतरवलं. दवाखाना, डॉक्टर, आपण स्वतः, सगळं. १९९१ मध्ये त्या गेल्या. दुखणं चित्रानं बरं झालं नाही. पण दुखणाऱ्या दिवसांतही हातात काहीतरी आपलं होतं, हे त्या चित्रांतून कळतं.

आपल्याला पद्मश्रीसाठी वही करायची नाही. पोरांच्या मागच्या वर्षीच्या वहीतली कोरी पानं घ्या, दोऱ्यानं शिवून टाका, झाली वही. पेन्सिल असेल तर पेन्सिल, नाहीतर पेन. रोज झोपण्याआधी दिवसातली एकच गोष्ट काढायची. चुलीवरचा तवा, खुराड्यातली कोंबडी, आज आलेला पाहुणा, शेजारणीच्या पोराची कुंची. चित्र वाकडं आलं तर वाकडं. ज्यांना लिहिता येतं त्यांनी खाली एक ओळ लिहावी, ज्यांना येत नाही त्यांनी नुसतं चित्र काढावं. राग आलाय तर रागाचं काढा, पान भरून काळ्या रेघोट्या मारल्या तरी चालतील. ही वही कुणाला दाखवायची सक्ती नाही. उशाखाली ठेवा, डाळीच्या डब्यात ठेवा, तुमची वही तुमचीच.

गटात कसं बसायचं?

बचतगटाच्या बैठकीला आपण जमतोच. हिशेब झाला, सह्या-अंगठे झाले की उठून जातो. येत्या महिन्यात तसं करू नका. हिशेबानंतर तासभर एकच गोधडी मधे पसरा.

पहिल्या दिवशी प्रत्येकीनं घरातलं एक जुनं सुती कापड धुऊन आणावं. साडी, धोतर, पोराचा शाळेचा शर्ट, काहीही. ते कुणाचं होतं, एवढंच सांगावं. मोठं बोलायची गरज नाही. "ही माझ्या आईची, पंढरपूरला घेतली होती." एवढ्यानंही पुष्कळ होतं.

मापाचं सांगते. साडेपाच मीटरची साडी लांबीत तिहेरी घडी केली की साधारण सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असा तीन पदरांचा थर होतो. एका माणसाच्या गोधडीला अशा दोन साड्या पुरतात. फाटलेल्या जागी आतून ठिगळ घाला. वरचा आणि खालचा थर मजबूत कापडाचा हवा, विटलेलं आत जाऊ द्या. सगळे थर जमिनीवर ताणून अंथरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा आणि आधी लांब लांब कच्चे टाके घालून घ्या. हे टाके मधून कडेकडं घालत गेलं की चुणी पडत नाही. मग कडा आत दुमडून शिवा आणि कडेपासून बोटभर अंतर सोडत चौकोनात आत आत जा. जाड सुई, जाड सुती दोरा, दोऱ्याला थोडं मेण लावलं की गुंता होत नाही. बोटाला अंगुस्तान घाला. चार बाजूंनी चार जणी बसल्या की चौघींचे टाके चार तऱ्हेचे येतील. येऊ द्या, ती गोधडी चौघींची आहे.

दोन गोष्टी सांभाळा. नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या अंगाकडच्या बाजूला लावू नका. त्यांनी घाम टिपला जात नाही, आणि शेकोटीची ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटतं. दुसरं, मिणमिणत्या उजेडात डोळे फोडू नका. दुपारच्या उन्हात बसता आलं तर उत्तमच. अर्ध्या तासानं उठून पाठ सरळ करा.

पहिली गोधडी कुणाला द्यायची, हेही आधी ठरवा. कोयत्यावर गेलेल्या आपल्या बहिणीला पहाटे तीनला उठून फडात जावं लागतं. तिला सुईदोऱ्याची फुरसत कुठली? पुढच्या दसऱ्याला ती गाव सोडेल तेव्हा तिच्या लेकरासाठी गटानं शिवलेली गोधडी तिच्या गाठोड्यात असू दे. आपल्या हाताची ऊब दुसऱ्याच्या पोराला मिळणार आहे हे ठाऊक असलं की आपलंही मन भरतं.

गोधड्या विकल्या जातात, शहरात मागणीही आहे. ऑर्डर मिळाली तर जरूर घ्या, चार पैसे आलेच पाहिजेत. पण ऑर्डर आली की तारीख येते, माप येतं, घाई येते, मग ते काम होतं. म्हणून एक गोधडी अशी ठेवा की जिला तारीख नाही. घरात कुणी म्हणालं, "काय रिकामं बसून टाके घालतीस?" तर सांगा, पांघरूण शिवतेय. ते खोटं नाही. आणि जी जाणती सासू असेल तिनं सुनेला स्वतःहून म्हणावं, "बाई, भांडी मी बघते, तू जा बैठकीला." एवढं एक वाक्य शंभर गोळ्यांच्या बरोबरीचं असतं.

सुई कुठं पुरत नाही

आता तो हातभार शब्द. हातभार म्हणजे सगळा भार नाही. ही गोष्ट नीट ऐका.

एखादीला दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण जात नाही, सारखं रडू येतं, अंघोळ-वेणीचं भान नाही, आवडीच्या कामातही हात चालत नाही, किंवा "मी नसलेली बरी", "जगून काय करू" असं ती बोलते, तर तो आजार आहे. त्याला उपचार आहेत. तिथं गोधडी हे औषध नाही. तिला एकटी सोडू नका. "असं बोलू नये" म्हणून तिचं तोंड बंद करू नका. सरळ विचारा, "मरायचे विचार येतात का?" विचारल्यानं ते वाढत नाहीत, उलट तिला वाटतं कुणाला तरी कळलं. घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवा नाहीतर घराबाहेर हलवा. आशाताईला सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात सोबत जा. सरकारचा टेली-मानस नावाचा फोन आहे, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर गोधडीच्या कोपऱ्यावर दोऱ्यानं भरून ठेवा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आणि घरात मारहाण होत असेल, तर ती सोसायची ताकद मिळावी म्हणून कुणी टाके घालू नयेत. त्यासाठी १८१ हा महिलांचा मदतीचा नंबर आहे, तातडीला ११२ आहे, आणि गट आपला आहे. टाके घालता घालता एखादी असं काही बोलून गेली, तर ती गोष्ट गावभर करायची नाही. तिच्या पाठीशी मात्र उभं राहायचं.

गोरोबाकाकांनी मडकी घडवता घडवता देवाला आळवलं. सावता महाराजांनी मळा सोडला नाही, नामदेव महाराज शिंप्याच्या घरचे, जनाबाई जात्यापाशी. हातातलं काम आणि मनातली गोष्ट वेगळ्या ठेवायच्या नाहीत, हे आपल्या संतांनी जगून दाखवलंय. तेव्हा या आठवड्यात दोन कामं करा. ट्रंक उघडून एक जुनं लुगडं बाहेर काढा, आणि एक वही शिवा. आणि ज्या घरात संध्याकाळी दार लावून एकटीच कुणी बसते, तिच्या दारावर जाऊन म्हणा, "अक्का, सुई घेऊन ये, आमच्या वाकळीची एक कड रिकामी आहे."

रामराम मंडळी. थंडीत जपा, एकमेकींना जपा.